खाडीकाठच्या जोत्याची उंची

प्रिय बा,

तू गेल्यापासून मनातल्या मनात तुझ्याशी खूप बोललो, पण लिहायचा धीर होत नव्हता. काल ठाण्याच्या खाडीला उधाण आलं. आमच्या नव्या संग्रहालयाच्या खालच्या दोन पायऱ्या बुडाल्या आणि पाणी तिथेच थांबलं. समितीच्या अध्यक्षांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. "काय दूरदृष्टी आहे तुमची," म्हणाले. मी हसून आभार मानले. म्हणून आज लिहितोय.

ती संध्याकाळ तुला आठवते का? समितीला रविवारचीच सवड, म्हणून रविवारी भरतीचं पाणी पाहून मी खुंटी ठोकली. जोत्याची उंची त्यावरून ठरणार होती. सिमेंटचा परवाना तुटपुंजा, त्यात दालनातून पाणी दिसलं पाहिजे ही सगळ्यांची हौस. जोतं बुटकं ठेवलं की माझं काम सोपं. तू मिठागरावरून परतत होतास, गुडघ्यापर्यंत चिखल. खुंटी बघून थबकलास.

"आज अष्टमी हाय. भांगाचं पानी हे. उधानाला दोन हात वर चढंल."

अष्टमीची भरती दुबळी असते, हे आपल्या पाड्यातलं शेंबडं पोरही सांगेल. मी मुंबईला वास्तुकला शिकून आलो आणि तिथी बघायचीच विसरलो.

पण खरी लाज त्याची नाही, बा. अध्यक्षांनी विचारलं, "हे कोण?" आणि मी म्हणालो, "मिठागरावरचे मुकादम आहेत. इथल्या पाण्याची माहिती असते त्यांना."

तू माझ्याकडे एकदाच पाहिलंस. मग हात जोडलेस. "हां, मुकादम हाय मी. जोता वर घ्या, साहेब." माझी अब्रू राखायला स्वतःच्या पोराला साहेब म्हणालास! त्यापेक्षा चारचौघांत कानाखाली का नाही वाजवलीस?

घरी जेवताना मी मान वर केली नाही. तू एवढंच विचारलंस, "घेशील ना वर?"

अमावास्येला भर दुपारी पाणी खुंटी गिळून वर गेलं. मी नकाशा बदलला. जोतं उचललं. सिमेंट पुरावं म्हणून दारावरचा छज्जा काढला, मोठ्या काचेऐवजी सागवानी झडपांच्या खिडक्या घेतल्या. आत मांडलेल्या जुन्या लाकडी वस्तू, पोथ्या आता कोरड्या राहतील. त्या संध्याकाळचं मुकादमाचं बोलणं अध्यक्ष केव्हाच विसरले होते; समितीला हे सगळं माझंच डोकं वाटलं आणि मी वाटू दिलं. उद्या सांगू, परवा सांगू, म्हणत राहिलो. चैत्रात तू गेलास.

येत्या रविवारी उद्घाटन आहे. आई पहिल्या रांगेत बसेल. मला पाच मिनिटं बोलायला दिली आहेत. आभारांचं भाषण लिहिलं होतं, ते फाडून टाकलं. माझं वचन घे, बा. मी उभा राहून सांगेन की या इमारतीची उंची एका मुकादमाने ठरवली. तो माझा बाप होता, आणि तो समोर उभा असताना मी त्याला ओळख दिली नाही. आवाज फुटेल की नाही ठाऊक नाही, पण बोलल्याशिवाय खाली बसणार नाही.

तुझाच पोर,
बाळ्या