मागे घेतलेल्या शोधाचा सन्मान

प्रति,
मा. संचालक,
विज्ञान सन्मान व पुरस्कार कक्ष,
मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

विषय : रोगप्रतिकारशास्त्राच्या ज्येष्ठ शास्त्रज्ञ (अर्जदाराची थोरली बहीण) यांना जाहीर झालेल्या जीवनगौरव सन्मानपत्रातील मजकूर तातडीने दुरुस्त करण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कक्षाने वृत्तपत्रांत दिलेली घोषणा.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज व आपल्या कक्षाची दोन उत्तरे, दोन्ही नकारार्थी.

महोदय,

अर्जदार हा व्यवसायाने अर्जलेखक असून कचेरीच्या फाटकाजवळ टेबल मांडून त्याने हयातभर दुसऱ्यांचे अर्ज टाइप केले आहेत. कोणता अर्ज कोणत्या टेबलावर अडकणार, हे त्याला मशीनवर कागद चढवतानाच कळते. प्रस्तुत अर्जही अडकणार, हे तो जाणून आहे. तरीही तो करीत आहे, कारण यात एका लहान मुलीच्या जिवाचा प्रश्न असून तो सोमवारच्या आत सुटणे आवश्यक आहे. सबब, खालील मुद्दे कृपया शेवटपर्यंत वाचावेत, ही पहिली विनंती.

१. सदर शास्त्रज्ञांना अर्जदार यापुढे 'ताई' असे संबोधील. 'सदर शास्त्रज्ञ' लिहून पाहिले, पण दुसऱ्या ओळीतच बोटे अडखळली. ताईचा विषय म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी, ज्या रोगाशी लढतात. घरी जेवताना ती त्यांच्याबद्दल अशी बोले की जणू शेजारच्या बिऱ्हाडातल्या बायकाच. "आज माझ्या पेशी रुसल्यात," असे म्हणून ती ताटावरून अर्धवट उठे. अर्जदाराच्या भावोजींच्या जागी त्या पेशीच होत्या म्हणायच्या. ताईने लग्न केले नाही, आणि अर्जदारालाही कोणी मुलगी दिली नाही.

२. तरुणपणी ताईने एक प्रथिन वेगळे काढले. ज्या मुलांची प्रतिकारशक्ती जन्मतःच दुबळी असते, त्यांच्या रक्ताच्या नमुन्यावर ते टाकले की पेशी खडबडून जाग्या होत. मोठा गाजावाजा झाला. दवाखान्यांत त्या प्रथिनाचे डोस सुरू झाले. ताईला बढती मिळाली, प्रशस्त प्रयोगशाळा मिळाली. आपल्या सन्मानपत्रात 'युगप्रवर्तक शोध' असा उल्लेख आहे तो याचाच.

३. तो शोध खोटा होता. हे अर्जदार म्हणत नाही, ताई म्हणाली. त्याचे असे झाले की, एके दिवशी कोणी न सांगता तिने ते प्रथिन उकळले आणि मग पेशींवर टाकले. उकळल्यावर प्रथिन निकामी होते. उकडलेले अंडे पुन्हा पातळ होत नाही, तसेच हे. म्हणजे पेशी गप्प बसायला हव्या होत्या. पण त्या पूर्वीइतक्याच जाग्या झाल्या. पेशींना जागे करणारे ते प्रथिन नव्हतेच. प्रथिन ज्या जीवाणूंमध्ये तयार केले होते, त्यांच्या मेलेल्या कवचांचा अंश त्यात शिल्लक राहिला होता, आणि तो अंश उकळून जात नाही. शरीर त्याला शत्रू समजून खवळते. धडधाकट माणसाला ताप येतो आणि उतरतो. पण जे मूल मुळातच दुबळे, त्याला ते झेपत नाही. तोवर कित्येक मुले तापाने फणफणली होती आणि एक मुलगा दगावला होता. तो त्याच्या आजारानेच गेला, असे सगळ्यांनी धरले होते. ताईनेही.

४. त्याच आठवड्यात ताईने आपला शोधनिबंध जाहीरपणे मागे घेतला. ते पत्र अर्जदाराने घरच्या टेबलावर टाइप केले. धंद्याच्या सवयीने त्याने 'अनवधानाने झालेली त्रुटी' असे लिहिले होते. ताईने ते खोडले. "अनवधान कसलं? मी तपासायला हवं होतं, तपासलं नाही. तसंच लिही," म्हणाली. मग अर्जदाराने तसेच लिहिले. आयुष्यात इतका उघडा कागद त्याने दुसरा टाइप केलेला नाही.

५. त्यापुढे जे व्हायचे ते झाले. बढती थांबली. प्रशस्त प्रयोगशाळा जाऊन जिन्याखालची खोली आली, जिथे उभे राहिले की डोके छताला लागे. संस्थेतले लोक तिला पाहून वाट बदलू लागले. चुकीमुळे नव्हे, कबुलीमुळे. चूक सगळ्यांचीच होते हो, पण कबुली संसर्गजन्य असते, अशी भीती असावी. ताईने त्या खोलीत बसून निवृत्तीपर्यंत एकच काम केले. येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला ती सांगे, "निकाल चांगला आला का? मग आधी उकळून बघ." मुले तिला मागून 'उकळीबाई' म्हणत. पण त्यांतली जी मुले पुढे ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांत गेली, त्यांनी उकळून पाहिले, आणि असली किती खोटी औषधे बाटलीत भरण्याआधीच ओतून दिली गेली याची मोजदाद कोणाकडेही नाही. महोदय, ताईच्या कामाचा परिणाम विचाराल तर तो हा. न झालेल्या नुकसानाला पावती नसते.

६. आता सन्मानाकडे येतो. ताईचा एक जुना विद्यार्थी आज त्याच संस्थेत विभागप्रमुख आहे. त्याने चांगल्या मनाने प्रस्ताव पाठवला. आपल्या कक्षाने संगणकावर ताईच्या निबंधांचे उल्लेख मोजले, आणि त्या खोट्या शोधाचे उल्लेख डोळे दिपवणारे निघाले. निघणारच. ज्याला ज्याला 'संशोधनात चूक कशी होते' हे लिहायचे असते, तो तो ताईच्या त्या निबंधाचा दाखला देतो. अर्जदाराने हे आपल्या वरिष्ठ लिपिकांच्या निदर्शनास आणले असता ते म्हणाले, "उल्लेख म्हणजे उल्लेख. बरा की वाईट, हे मशीन बघत नाही." असे असेल तर पोलीस ठाण्याच्या नोंदीत ज्याचे नाव सर्वाधिक वेळा येते, त्याला शहरभूषण म्हणायला हरकत नसावी.

७. अर्जदाराने पहिला अर्ज केला. त्यासोबत निबंध मागे घेतल्याचे छापील पत्र जोडले. उत्तर आले की, प्रस्तावाच्या नमुन्यात 'प्रकाशित निबंध' असा रकाना आहे. 'मागे घेतलेले निबंध' असा रकाना नाही. सबब सदर माहितीची दखल घेता येत नाही. अर्जदार विभागप्रमुखांकडेही गेला. ते ओशाळले. "मला माहीत आहे काका. पण एवढ्या वर्षांनी बाईंना काहीतरी मिळतंय. आता कशाला खोडा घालता?" असे म्हणून त्यांनी चहा मागवला. अर्जदार चहा न घेता उठला.

८. येथे नमूद करणे आवश्यक आहे की, घोषणेच्या आधीच ताईला अर्धांगवायूचा झटका येऊन तिची उजवी बाजू आणि वाचा गेली होती. डाव्या हातात पेन दिले तरी अक्षर उमटत नव्हते. बुद्धी मात्र पूर्ण शाबूत होती. अर्जदाराने तिच्या खाटेशी बसून बातमी वाचून दाखवली. 'युगप्रवर्तक' या शब्दाला तिने डावा हात उचलून वर्तमानपत्रावर आपटला आणि मान हलवू लागली. नाही, नाही, नाही. ती मान त्या दिवसापासून हलतच राहिली.

९. म्हणून दुसरा अर्ज ताईच्या वतीने केला व त्यावर तिचा डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. आपल्या कक्षाने तो परत केला. कारण असे दिले की, सन्मान स्वीकारण्यास संमती लागत नाही, परंतु मजकुरास हरकत घेण्यास सन्मानार्थीची स्वाक्षरी लागते. अंगठा केवळ निरक्षर व्यक्तीचा ग्राह्य धरला जातो. आणि आपल्याच घोषणेनुसार सन्मानार्थी या विद्यावाचस्पती आहेत. अर्जदाराने लिपिकांना हात जोडून विचारले, आता काय करू? ते वाईट गृहस्थ नाहीत. त्यांनी खरोखर विचार केला आणि म्हणाले, "त्या निरक्षर असल्याचा दाखला आणता येईल का कुठून?" अर्जदाराने असले अनेक दाखले लोकांना मिळवून दिले आहेत, हे तो नाकारत नाही. पण हा त्याला मागवेना.

१०. इथवरचा भाग हा फक्त अपमानाचा होता आणि अपमान गिळायची या घराला सवय आहे. खरी बाब पुढे आहे. आपली घोषणा छापून आल्यावर गावातल्या एका खाजगी दवाखान्याच्या डॉक्टरांनी ते कात्रण काचेत घालून भिंतीवर लावले, आणि जुन्या कृतीने तेच औषध पुन्हा बनवून घेऊन मुलांना देण्यास सुरुवात केली. ताईने बंद केलेले दार आपल्या कक्षाने उघडले, महोदय. हेतू नसेल, पण उघडले.

११. मागच्या शनिवारी एक शिवणकाम करणारी बाई आपल्या मुलीला घेऊन घरी आली. मुलगी जन्मापासून आजारी, वारंवार छाती भरते. पहिला डोस झाला होता. आईला ताईचे आभार मानायचे होते. तिने मुलीच्या फ्रॉकच्याच कापडातून ताईसाठी उशीचा अभ्रा शिवून आणला होता. मुलगी लालबुंद झाली होती. "डोसनंतर ताप आहे, पण डॉक्टर म्हणाले की ताप म्हणजे औषध लागू पडतंय," आई म्हणाली. ताईने डावा हात मुलीच्या कपाळावर ठेवला. मग आईकडे पाहून ती जोरजोराने मान हलवू लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होते, तोंडातून नुसता आवाज. आईने तिचा हात हातात घेतला आणि अर्जदाराला हळूच म्हणाली, "बिचाऱ्यांची मान किती थरथरते हो."

१२. अर्जदाराने त्याच क्षणी सर्व हकिकत सांगितली. माघारीचे पिवळे पडलेले पत्र दाखवले. आईने ते पाहिले, तिला ते समजले नाही, आणि दोष तिचा नाही. ती चिडली नाही, हेच अधिक वाईट झाले. म्हणाली, "काका, तुम्ही अर्ज लिहिता. त्या एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञ आहेत, सरकार त्यांना पदक देतंय. मी कोणाचं ऐकू? सगळीकडून हात टेकले होते, तेव्हा हे एक औषध मिळालं. तेवढं तोडू नका." दुसरा डोस सोमवारी आहे. अर्जदार दवाखान्यातही जाऊन आला. डॉक्टरांनी भिंतीवरच्या काचेकडे बोट दाखवले. पोलिसांत गेला, तर तेथे सांगण्यात आले की ज्या औषधाचा सन्मान होतो आहे, त्याविरुद्ध तक्रार कशी नोंदवायची.

१३. हा मुद्दा वास्तविक पहिला यायला हवा होता. ज्या अधिकाराने अर्ज केला, तो अर्जाच्या माथ्यावर लिहावा, असे अर्जदार स्वतः दुसऱ्यांना सांगत आला आहे. त्याला तो वर लिहिता आला नाही. आपल्या दुसऱ्या उत्तराच्या शेवटी असे म्हटले होते की, मजकुरास हरकत घेण्याचा अधिकार सन्मानार्थीच्या पश्चात कायदेशीर वारसास राहील. हे उत्तर अर्जदाराने ताईला वाचून दाखवले नव्हते. त्याने ते तिच्या उशाखाली ठेवले होते. मुलगी येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तो दूध तापवायला गेला. ताईचे डोळे शाबूत होते आणि डावा हातही. परत आला तेव्हा कागद तिच्या छातीवर उघडा होता. ती त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली. त्यानंतर तिने चमचा तोंडाला लावू दिला नाही. दूध नाही, औषध नाही, पाणीही नाही. अर्जदाराने विनवण्या केल्या, रागावला, लहानपणी ती त्याला भरवताना जी सोंगे करायची ती सगळी करून पाहिली. तिने दात आवळून धरले. ताईला तपासणारे डॉक्टर म्हणाले की अशा आजारात गिळण्याची शक्ती जाते. तसेही असेल. अर्जदार काही सिद्ध करू इच्छित नाही. ताई काल सकाळी गेली.

१४. सबब अर्जदार आता कायदेशीर वारस असून त्याची स्वाक्षरी आपल्या नियमात बसते. त्याची मागणी पूर्वीपेक्षा लहान आहे. सन्मान रद्द करू नये. 'युगप्रवर्तक' हा शब्दही हवा तर ठेवावा. आता त्यावर आपटायला हात नाही. फक्त त्याखाली एक ओळ घालावी : 'हे औषध मुलांना देऊ नये, असे या शास्त्रज्ञांनी स्वतः जाहीर केले होते.' आणि तीच ओळ आपल्या कक्षाच्या कागदावर, आपल्या सहीशिक्क्यानिशी, सोबत दिलेल्या पत्त्यावर आजच्या आज पोचवावी. तो पत्ता मुलीच्या आईचा आहे. अर्जदाराचे तिने ऐकले नाही, ताईचे तिला कळले नाही. आपले ती ऐकेल.

उद्या व परवा कार्यालय बंद असते, याची अर्जदाराला कल्पना आहे. अर्जदारास उत्तर पाठवण्याची आवश्यकता नाही.

आपला नम्र,

(स्वाक्षरी)
अर्जलेखक, कचेरीचे फाटक
शास्त्रज्ञांचा धाकटा भाऊ व वारस

दिनांक : शुक्रवार, सकाळी, कार्यालय उघडण्यापूर्वी

सोबत :
१) मृत्यूचा दाखला.
२) निबंध मागे घेतल्याचे पत्र, मूळ छापील प्रत. ही एकच आहे; परत न मिळाली तरी चालेल.
३) मुलीच्या आईचा पत्ता. जिना अंधारा आहे, दुसऱ्या मजल्यावर शिलाई मशीनचा आवाज येईल ते दार.
४) पत्र पोचवायला शिपाई मोकळा नसल्यास, अर्जदार आपल्या दाराबाहेरील बाकावर बसून आहे.