दारामागच्या तीन खुंट्या

मेन (अमेरिका), १ ऑक्टोबर

चि. क्लॅरिस हिस,
अ. आ. वि. वि.

डेल्फीन शिकारीच्या सुरक्षा-परीक्षेत पन्नासपैकी एकोणपन्नास मार्कांनी पास झाली हे वाचून मामाची छाती फुगली. तो एक मार्क कुठे गेला, ते विचारून कळव. सव्वीस तारखेला मुलांचा हरणाच्या शिकारीचा दिवस आहे. बाबांची रायफल तिच्यासाठी ठरवली आहे. पोरगी बारा वर्षांची झाली, यंदाचा मान तिचा.

नव्या कायद्यावरून इकडे गाव पेटलंय. घरातली बंदूक कुलपात ठेवा, नाहीतर दंड भरा, असा मसुदा आहे. शेजारचा विन्स्लो म्हणतो की उद्या सरकार त्याच्या बायकोचं लाटणंही मोजायला येईल. बारा तारखेला शेतकरी संघाच्या ग्रेंज हॉलमध्ये बीन्सचं जेवण आणि मागून चर्चा. विरोधात मी बोलणार. भाषण बरोबर नऊ मिनिटांचं आहे. घड्याळ लावून तीनदा म्हटलं. बंदूक दुरुस्ती मी कुठल्या शाळेत शिकलो नाही, पण माझ्या कामात खोट निघाली असं तीस वर्षांत कुणी म्हटलेलं नाही.

माया आहेच, ती वाढू दे.
तुझा दादा,
ऑरिन


बॉस्टन, ६ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तो मार्क कुंपण ओलांडताना बंदूक कुठे ठेवायची या प्रश्नात गेला. ती तीन दिवस धुसफुसत होती. मामावरच गेली आहे. शिकारीची नारिंगी टोपी घालूनच जेवायला बसते.

आता रागावू नकोस. तुझ्या बंदुका स्वयंपाकघराच्या दारामागे खुंट्यांवर असतात आणि त्या दाराला कडी म्हणून लागत नाही. त्या कुलपात गेल्याशिवाय मी डेल्फीनला आणणार नाही. शाळेत नर्स आहे मी. मुलांचे हात कुठे कुठे पोचतात ते रोज बघते. आमच्या राज्यात कुलूप सक्तीचं आहे, तरी माझे दीर दरवर्षी हरीण मारतातच. मारल्यावर चार महिने तीच कथा ऐकवतात, त्यावर मात्र अजून कायदा नाही.

तुझ्यावर माझा विश्वास आहे, दादा. तुझ्या दारातून येणाऱ्या प्रत्येकावर नाही.

रागातही लोभ ठेव.
तुझी क्लॅरिस


मेन, ९ ऑक्टोबर

चि. क्लॅरिस हिस,
अ. आ.

कुलूप लावणार नाही. माझ्या तिन्ही बंदुका रिकाम्या असतात. प्रत्येकीचं कार्ड आहे. कधी पुसली, कधी तपासली, सगळं तारीखवार. बाबांच्या रायफलचं कार्ड सांगतं: ३ सप्टेंबर, रिकामी. बॉस्टनला जाऊन तू भावाच्या घराला भ्यायला लागलीस, याचं वाईट वाटलं. शनिवारी सभेआधी विन्स्लोला साक्षीला ठेवून तिन्ही उघडून बघतो आणि वेळेसकट भाषणात घालतो.

डेल्फीनला आशीर्वाद. तुलाही, थोडे कमी.
ऑरिन


मेन, १३ ऑक्टोबर

चि. क्लॅरिस हिस,
अनेक, आणि पुरेपूर, आशीर्वाद.

काल सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी पहिली बंदूक उघडली, रिकामी. दुसरी रिकामी. बाबांची रायफल उघडायला बोल्ट मागे ओढला आणि जिवंत काडतूस टुणकन बाहेर पडून चुलीखाली गेलं.

विन्स्लो पिठासारखा पांढरा पडला. अस्वलाच्या शिकारीला त्यानेच ती नेली होती. चौदा सप्टेंबरला परत आणली तेव्हा मी घरी नव्हतो. आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे: उसनी बंदूक दारामागे टांगायची, खाली लोणच्याची बरणी ठेवायची आणि निघून जायचं. मी लोणचं खाल्लं. बंदूक बघितली नाही. कार्डावर लिहिलं होतं ना! अठ्ठावीस दिवस, क्लॅरिस. त्याच खुंटीवरून मी ती डेल्फीनच्या हातात देणार होतो.

संध्याकाळी भाषण खिशातच राहिलं. जे झालं ते सांगितलं, मिनिटभर लागलं. विन्स्लोचं नाव घेतलं नाही. सगळे गावातल्या विसरभोळ्या म्हाताऱ्या पेल्कीकडे संशयाने बघायला लागले, तेव्हा विन्स्लो स्वतःच उठला आणि म्हणाला की त्या बिचाऱ्याला सोडा, तो गाढव मी आहे. हॉल हसून कोसळला. कुलूप हवंच, पण दंडाची रक्कम मला अजूनही जाचक वाटते, तेही मी सांगितलं. अर्ध्यांनी एका वाक्याला टाळ्या दिल्या, अर्ध्यांनी दुसऱ्या.

लोखंडी कपाट आणलं, चार बोल्टांनी भिंतीत बसवलं. एक किल्ली माझ्या गळ्यात, दुसरी सोबत पाठवतो. आणायचं की नाही, ते तू ठरव. मी आग्रह करणार नाही.

चुकलेल्या भावावर माया असू दे.
ऑरिन


बॉस्टन, १८ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

किल्ली पोचली. पण पाकिटावर तू सुवाच्य अक्षरात ‘आत बंदुकांच्या कपाटाची किल्ली’ असं कशाला लिहिलंस? वर स्वतःचा पत्ताही! पोस्टमनने ते माझ्या हातात असं दिलं, जसं काही बॉम्ब आहे. ते कुलूप बदल आणि नव्या किल्ल्या स्वतःजवळच ठेव.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. लपवलं असतंस तर मला कधीच कळलं नसतं. शुक्रवारी पंचवीसला दुपारी तीनपर्यंत दोघी पोचतो. दंडावर भांडायला मी तयार आहे. तू चुकतोयस, पण जेवून भांडू.

खाली डेल्फीनला लिहायचंय. काय लिहिणार ते मला सांगत नाही.

तुझी क्लॅरिस

मामा, बंदूक आधी तू उघडून बघ. मग मी बघते. मग परत तू. रागावायचं नाही, मी तुझं कार्ड बघणार नाहीये.
डेल्फीन