घरामागचे देवदार

फेब्रुवारी १२

सर्दी. आज पाचवा दिवस. ताप नाही, घसा दुखत नाही, नाक मात्र धो धो वाहतंय. सकाळी ह्यांच्या फोटोपुढे भाताची वाटी ठेवायला गेले तर लागोपाठ सात शिंका! वाटी परत नेली, दुसरा भात वाढला. हे नुसते बघत होते. जिवंतपणीही तेच करायचे.

संध्याकाळी चिगुसाला फोन केला. हे ऑक्टोबरात गेले, म्हणजे येत्या मार्चातलं हिगान, पितरांचा आठवडा, ह्यांचं पहिलं. त्या सात दिवसांत वाडीतल्या प्रत्येक घरी मुलं, सुना, नातवंडं येतात, थडगी धुतात, फुलं वाहतात. आमची एकुलती एक लेक. तिने यावं, एवढंच माझं म्हणणं.

"आई, मे महिन्यात येते ना. मार्चमध्ये नको गं."

का नको ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. दोघींना ठाऊक आहे. "पितरांनी काय तुझ्या सवडीने मे महिन्यात यायचं?" — गेलं तोंडातून! तिने फोन ठेवला नाही. शेवटी मीच ठेवला.

अकरा वर्षं झाली तिला ओकिनावात. विमानाने दोन तास. पण वसंतात एकदाही आलेली नाही.

फेब्रुवारी १५

गेन्झोकाका मुळे घेऊन आले. चौऱ्याऐंशीचे झालेत. माझ्या वडिलांच्या हाताखाली डोंगरावर झाडं लावणाऱ्यांपैकी आता हे एवढेच उरलेत. दारातूनच ओरडले, "ताझुको, रडतेस होय गं?"

"सर्दी झालीय."

"मग ठीक. मला वाटलं नवऱ्याची आठवण आली. म्हटलं, बघून तरी यावं हा चमत्कार!" स्वतःच हसले. मग बारीक डोळे करून, "ते शहरवाल्यांचं परागांचं दुखणं नव्हे ना?"

"काका! आम्हा उएमोरींच्या घरात?"

दोघंही हसलो. डोंगरातल्या माणसाला देवदार बाधत नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. ते शहरातल्यांचं काम — तोंडाला मास्क, डोळ्यांवर गॉगल, आणि टीव्हीवर रोज परागांचा नकाशा, आज कुठे लाल, कुठे पिवळा. घरामागचा अख्खा उतार वडिलांनी माझ्या जन्माच्या वर्षी लावला. ती झाडं आणि मी एका वयाची. ती मला बाधणार?

काका गेल्यावर नऊ शिंका. ते होते तोवर दाबून धरल्या होत्या. कशाला दाबल्या, कळत नाही.

फेब्रुवारी १९

दिवसभर पाऊस. एकही शिंक नाही. सर्दी गेली!

फेब्रुवारी २०

ऊन. वारा. सर्दी परत.

फेब्रुवारी २३

दुपारी गाद्या वाळत घातल्या. आता एकच गादी, पण सवयीने दोन घालते. कठड्याशी उभी होते तेवढ्यात वारा सुटला आणि मागचा उतार एकदम धुरकटला. पिवळा धूर! नवखा माणूस असता तर वणवा लागला म्हणून धावला असता. मी लहानपणापासून बघतेय, मला काय त्याचं. पण आज पाच मिनिटांत डोळे असे सुजले की आरशात स्वतःला ओळखलं नाही.

ओळखलं नाही, पण कुणाला तरी ओळखलं. चिगुसाला. सतरा वर्षांची, कॉलेजच्या प्रवेश परीक्षेचा मार्च, डोळ्यांच्या जागी दोन लाल फटी. जेवताना म्हणाली, "घराच्या अगदी मागची तरी तोडता नाही का येणार?" आम्ही तिला फार बोललो त्या दिवशी. उएमोरींच्या घरात जन्मून देवदाराला नाकं मुरडतेस? ज्याला डोंगर सोसत नाही त्याने डोंगरात राहू नये.

राहिली नाही.

फेब्रुवारी २४

"आम्ही बोललो" असं काल लिहिलंय. आम्ही नव्हे. मी. हे बोलले नाहीत, भाताच्या वाडग्यात बघत होते. घरजावई माणूस, किनाऱ्यावरच्या कोळ्याचा तिसरा मुलगा, आमचं आडनाव लावून आलेला. छत्तीस वर्षं झाली तरी वाडीत "उएमोरींचा जावई"च. देवदारांबद्दल ते बोलणार तरी काय?

मार्च १

बसने खाली गेले, चष्म्याची दांडी दुरुस्त करायला. बस लांब बोगद्यात शिरली आणि नाक थांबलं. बोगदा संपला, तीन शिंका. येताना पुन्हा तेच. माणसाने किती आंधळं व्हावं याला काही सुमार! पाऊस असला की बरं, दारं लावून बसलं की बरं, वारा सुटला की हाल. ही कसली सर्दी?

बसमधली मास्कवाली मुलगी आपणहून म्हणाली, "काकू, उशीर नका करू. कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. मीही दोन वर्षं सर्दीच म्हणत होते."

मी म्हटलं, "मी डोंगरातली आहे."

"मग तर लवकर जा!"

मार्च २

गेले. कुणाला सांगितलं नाही. रक्त घेतलं. आठवड्याने या म्हणाले.

मार्च ९

देवदाराच्या परागांची अॅलर्जी. सहा पायऱ्या असतात, माझी पाचवी. डॉक्टर तरुण आहे, हसून म्हणाला, "जन्मभर साठवलंत, आता पेला भरून सांडला." मी विचारलं, झाडांच्या इतकं जवळ राहून आताच कसं? तर म्हणे कुणाला दहाव्या वर्षी होतं, कुणाला साठीनंतर. जवळ राहिल्याने कवच मिळतं हे कुणी सांगितलं तुम्हाला?

कुणी सांगितलं! सगळ्यांनी.

खरी गोष्ट बाहेर घडली. औषध घ्यायला उभी होते. खिडकीतली बाई माझ्याच वयाची. कागद बघून म्हणाली, "हिनोतानीच्या उएमोरी? मग तोकुजी-सान तुमचे..."

"नवरा. ऑक्टोबरात गेले."

तिने हात जोडले. "तरीच. दर वर्षी जानेवारीच्या अखेरीस यायचे, चुकले नाहीत कधी. यंदा आले नाहीत तेव्हा मी म्हटलंच होतं. पराग उडायच्या दोन आठवडे आधी गोळी सुरू करायची, हे त्यांना सांगावं लागायचं नाही. तुम्हीही पुढच्या वर्षी तसंच करा हं."

मी विचारलं, किती वर्षं?

"मी इथे बावीस वर्षं आहे. माझ्याआधीपासूनच यायचे."

मग एकदम तोंडावर हात ठेवला. मी सांगायला नको होतं, माफ करा म्हणाली. मी म्हटलं, छे छे, मला सगळं ठाऊक होतं. किती सहज बोलून गेले!

घरी आले. जेवले नाही.

मार्च १०

अवजारांच्या खोलीत गेले. ह्यांच्या मागे पहिल्यांदाच. कानशी ठेवायच्या पत्र्याच्या डब्यात, कानशींच्या खाली, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या आणि डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली. गेल्या वसंतातली.

"करवतीला धार लावून आणतो" म्हणून दर जानेवारीत खाली जायचे. धार तर हे स्वतः लावायचे! वडिलांनीच शिकवली होती, वाडीत ह्यांच्याइतका हात कुणाचा नव्हता. मग खाली कशाला जाता, असं विचारायला मला इतक्या वर्षांत एकदाही सुचलं नाही.

आता एकेक आठवतंय. जंगलातून आले की फाटकाबाहेरच कोट झटकायचे. मला वाटे, पाहुण्यासारखी शिस्त. घरात पाऊल टाकलं की थेट न्हाणीत. आणि फेब्रुवारी लागला की अंथरूण उचलून उत्तरेच्या छोट्या खोलीत — "माझ्या घोरण्याने तुझी झोप मोडते." मार्च संपेपर्यंत तिथेच. मला काय वाटायचं ते आता लिहायलाही लाज वाटते. मला वाटायचं, आता मी आवडत नाही. मीही मग बोलायचं कमी केलं.

आणि गाद्या! रोज दुपारी, डोंगराकडे तोंड करून, कठड्यावर. रात्री पसरताना अभिमानाने म्हणायची, "बघा, देवदाराचा वास येतोय." हे म्हणायचे, "हो. येतोय."

मार्च १३

नवे नियम. गादी घरातच वाळवायची. बाहेरून आल्यावर कोट फाटकापाशी झटकायचा, तोंड धुवायचं, डोळे चोळायचे नाहीत. पडवी कोरडी झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. फडकं पिवळंधम्मक होतं. सकाळी एक गोळी. नाकात फवारा. पाच दिवसांत निम्मं कमी झालं. इतकं सोपं होतं!

कोट झटकायला फाटकाबाहेर उभी राहते तेव्हा हात आपोआप ह्यांच्यासारखा चालतो. खांदे, मग बाह्या, मग पाठ. पाठीवर आपला आपल्याला नीट झटकता येत नाही. त्यांचीही कुणी झटकली नाही.

मार्च १८

हिगानचा पहिला दिवस. बोटामोची केले, गोड पुरणात घोळलेले भाताचे गोळे. दोनच करायचे होते, सवयीने परातभर पुरण शिजवलं. थडगं धुवायला एकटी गेले, मास्क आणि गॉगल लावून. शेजारच्या थडग्यांपाशी माणसंच माणसं. पोरं पाणी उडवत होती. सगळ्यांनी वाकून नमस्कार केला, "चिगुसा आली नाही का?" असं कुणी विचारलं नाही. न विचारणंच जास्त लागलं.

गेन्झोकाका काठी टेकत आले. "अरे देवा, मला वाटलं चोर! हा काय अवतार?"

मी मोठ्याने म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं — "काका, मला देवदार बाधतो. पाचवी पायरी."

सगळे वळून बघायला लागले. मग काका अगदी हळू म्हणाले, "डोळ्यांत घालायला काही देतात का गं ते? माझेही वीस वर्षं खाजतायत. मी आपलं म्हातारपण म्हणतो."

घरी येऊन हसले. पाच महिन्यांत पहिल्यांदा एकटीच, पोट धरून. हसून झाल्यावर घर जास्तच मोठं वाटलं.

मार्च २१

चिगुसाला फोन केला. ठरवून केला, काय बोलायचं ते कागदावर लिहून. कागद वाचलाच नाही. म्हटलं, "मला झालंय. तुला होतं ते."

"काय?" म्हणाली. मग ती हसायला लागली. थांबेचना! "सॉरी आई. तू? तुला?" आणि हसता हसता तिचा आवाज फुटला.

मी माफी मागितली. सतराव्या वर्षाची. वाक्य नीट पुरं झालं नाही, पण मागितली. "जाऊ दे गं," म्हणाली, मग, "नाही, जाऊ नको देऊस. बरं वाटलं."

मी सांगितलं, बाबांनाही होतं.

"मला माहितीय."

सातवीत असल्यापासून माहीत होतं. दोघं मिळून जायचे डॉक्टरकडे! मला सांगायचे, करवतीची धार. औषध घेतलं की समोरच्या दुकानात गरम उदोन, रश्शातल्या जाड शेवया. शिंकांची शर्यत लावायचे, हरेल त्याने आपल्या वाडग्यातलं तळलेलं टोफू दुसऱ्याला द्यायचं. बाबा नेहमी मुद्दाम हरायचे, म्हणाली. हे आणि शर्यत! मी ह्या माणसाला ओळखतच नव्हते.

"मला का नाही सांगितलं कुणी?" मी विचारलं. "एवढी भीती होती माझी?"

"मलाही तसंच वाटायचं. तू मला बोललीस त्या दिवशी मी बाबांकडे बघत होते. म्हटलं, आता तरी तोंड उघडतील. नाही उघडलं. दुसऱ्या दिवशी मी भांडले त्यांच्याशी. आईला इतकं घाबरता? तर म्हणाले, घाबरत नाही गं. तिला कळलं ना, तर ती एका दिवसात सगळी झाडं तोडून टाकेल. आजोबांनी लावलेली. माझ्यापायी नको."

मी तो लिहिलेला कागद दुमडत बसले.

"आई? ऐकतेयस ना? मी मे महिन्यात येतेय. नक्की. दहा दिवस."

हो म्हटलं. गोळ्या संपत आल्यात म्हटलं. आणखी काय बोलले ते आठवत नाही.

मार्च २२

हे छत्तीस वर्षं माझ्याबद्दल तसं मानून जगले. काल रात्रीपासून मी स्वतःला विचारतेय, खरंच तोडली असती झाडं? ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही, इथे खोटं कशाला लिहू?

नसती तोडली मी.