चहापानावर बहिष्कार

२० जुलै, रविवार

आज मंडळाच्या सभेत माझा जाहीर अपमान झाला. मी बोलत होतो. तिसराच मुद्दा चालू होता, अजून चार बाकी होते. वेणीमाधव अध्यक्षाच्या खुर्चीतून म्हणाला, भाऊजी, आवरा आता, लोकांना घरी जायचंय. लोक हसले. माझा मेहुणा! आनंदीचा धाकटा भाऊ! इतकी वर्षं रोज संध्याकाळी संकठा घाटावर माझ्या शेजारी बसणारा माणूस!

निर्णय झाला. आजपासून मी विरोधी पक्षनेता. काशीतल्या रामघाटच्या आमच्या मराठी मंडळात असं पद नाही. इथे अध्यक्ष बिनविरोध आणि ठराव टाळ्यांनी. पद नाही म्हणजे जागा रिकामी आहे. ती मी भरली.

२१ जुलै

संसदेचं अधिवेशन सुरू. दिवसभर टीव्हीसमोर. शिकलो: तारांकित प्रश्न, पुरवणी प्रश्न, शून्य प्रहर, सभात्याग. आनंदी म्हणाली, दूध उतू गेलं, नाकाला वास येत नाही का? तिला म्हटलं, स्थगन प्रस्ताव चालू आहे.

संध्याकाळी घाटावर गेलो नाही. विरोधी पक्षनेता सरकारच्या मांडीला मांडी लावून बसत नाही. अजिबात चुकल्यासारखं वाटलं नाही. साडेसहाला उगाच चपला घातल्या, मग काढल्या.

२९ जुलै

प्रश्न तयार. एकच, पण जबरदस्त. सभागृहाच्या जिन्यातला बल्ब होळीपासून गेलेला आहे, हे खरं आहे काय? असल्यास, अध्यक्ष काय करत होते? या बल्बवर सरकार पडू शकतं.

गंगा चढतेय. घाटाच्या निम्म्या पायऱ्या पाण्यात. बसायला तशीही जागा नसेल. बरंच झालं.

२ ऑगस्ट, शनिवार

उद्या सभा. वेणीमाधवने आनंदीकडे निरोप दिला: भाऊजींना पाचला चहाला पाठव, जरा बोलायचंय.

मी लगेच ओळखलं. अधिवेशनाच्या आदल्या दिवशी सरकार चहा पाजतं आणि विरोधी पक्ष त्यावर बहिष्कार घालतो, ही आपल्या महाराष्ट्राची परंपरा. काशीत आजवर कुणी पाळली नव्हती. मी पाळली. आनंदी म्हणाली, अहो, तो एकटा आहे, काहीतरी असेल म्हणून बोलावतोय ना! म्हटलं, बल्बचंच असेल.

शेवटी ती एकटी गेली. खूप उशिरा आली. डोळे लाल. सरळ स्वयंपाकघरात गेली. तिला फोडायचा प्रयत्न झालेला दिसतो.

३ ऑगस्ट

सभा. प्रश्न खणखणीत आवाजात वाचला. वेणीमाधव म्हणाला, बल्ब गेलाय? मला कळलंच नाही. होळीपासून! त्याच जिन्याने दर सभेला येतो आणि म्हणे कळलंच नाही!

वर इतरांच्या प्रश्नांची उत्तरं स्वतः वाचायचं सोडून कागद सुरुचीकडे दिला. ही मंडळाची सेक्रेटरी, बँकेत आहे. मी हरकत घेतली, उत्तर मंत्र्याने स्वतः वाचलं पाहिजे. सुरुची म्हणाली, अंकल, प्लीज, रहने दीजिए ना. मी सभात्याग केला.

समजूत काढायला कुणी येईल म्हणून खाली गल्लीत बराच वेळ उभा होतो. एक सांड आला. वरून टाळ्यांचा आवाज. नंतर कळलं, नवीन बल्बचा ठराव एकमताने मंजूर. माझाच मुद्दा, आणि एकमतात मी नाही.

६ ऑगस्ट

हद्द झाली. गल्लीत वेणीमाधव समोरून आला. एका हाताने भिंत चाचपत, सावकाश. माझ्याकडे सरळ बघितलं आणि पुढे गेला. ओळखसुद्धा दाखवली नाही! सत्ता डोक्यात जाते ती अशी. हाक मारणार होतो. नाही मारली. मान आहे की नाही काही मला?

८ ऑगस्ट

आनंदीने आज सांगितलं. जेवताना. वेणूला दिसत नाही हो, म्हणाली. काचबिंदू. एक डोळा गेलाच, दुसऱ्याने धूसर. मी म्हटलं, काढतात तो, दहा मिनिटांचं काम. ती ओरडली, तो मोतीबिंदू! ह्यातलं गेलेलं परत येत नाही! नाशिकहून शार्दूल येतोय, बापाला कायमचा घेऊन जायला. वीस तारखेची महानगरी एक्सप्रेस. हेच सांगायला त्याने तुम्हाला चहाला बोलावलं होतं.

सरकारचा सहानुभूती मिळवायचा डाव असू शकतो. पुरावे तपासावे लागतील.

भाताला हात लावला नाही. गार झाला होता.

९ ऑगस्ट

रस्ता सापडला! अविश्वास प्रस्ताव. प्रस्ताव प्रलंबित असताना सरकारच्या प्रमुखाला शहर सोडता येणार नाही. (नियम शोधायचा.) सतराच्या सभेत प्रस्ताव मांडायचा, चर्चा लांबवायची, सभा तहकूब करायला लावायची, पुढची तारीख गणपतीनंतरची घ्यायची. नंतर दसरा. नंतर बघू. महानगरी रोज असते. गेली तर जाऊ दे.

गणपतीच्या तोंडावर कुणी घर सोडतं का! मूर्ख माणूस. तिकडे कोण आहे त्याचं? मुलगा कामावर जाणार, सून कामावर जाणार, हा बसणार चौथ्या मजल्यावर भिंतीकडे तोंड करून. इथे डोळे मिटून घाटाची पायरी न् पायरी ठाऊक आहे त्याला.

१४ ऑगस्ट

अनुमोदक मिळत नाही. काशीनाथ म्हणाला, गुरुजींविरुद्ध? पाप लागेल मला. (वेणीमाधव वेदपाठशाळेत शिकवायचा, अर्धं मंडळ त्याचं शिष्य.) मालविकाबाई म्हणाल्या, तुम्हाला घरी काही काम नाही का? आनंदीला विचारलं. तिने लाटणं खाली ठेवलं फक्त.

नियम अजून सापडलेला नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

जिन्यात नवीन बल्ब. लख्ख उजेड. तरी वेणीमाधवला सुरुचीने हात धरून वर आणला.

प्रस्ताव मांडला. अनुमोदन कोण देतंय, विचारलं. कुणी मान वर करेना. मला वाटलं, संपलं सगळं, हा जाणार.

तेवढ्यात वेणीमाधवनेच हात वर केला. अनुमोदन माझं, म्हणाला. भाऊजींना बोलू द्या. कितीही वेळ.

उभा राहिलो. पुढची तारीख पडेपर्यंत पुरेल एवढं भाषण खिशात होतं. आरोप वाचायला लागलो. बल्ब. मोटर. सतरंज्या. तो माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड करून ऐकत होता, जरासा चुकीच्या बाजूला. दुसऱ्या पानावर अक्षरं पुसट झाली. गंगेच्या ओल्या हवेमुळे. खाली बसलो.

मतदान झालं. प्रस्तावाच्या बाजूने एक मत. वेणीमाधवचं. त्याला मोकळं व्हायचं होतं. माझा हात वर गेला नाही. मी तटस्थ राहिलो असं कुणी म्हणेल, पण ती strategy होती.

सरकार टिकलं. बुधवारी महानगरीने जातंय.

२० ऑगस्ट, बुधवार

कँट स्टेशनवर गेलो. निरोप द्यायला नाही, शार्दूलला एकट्याला सामान झेपेना म्हणून. वेणीमाधवला खिडकीशी बसवलं. त्याने बाहेर हात काढला, मी धरला. गाडीला अजून वेळ होता. जाऊ नकोस, म्हणायचं होतं. सगळं वाक्य तयार होतं.

विचारलं, पाणी घेतलंस का?

घेतलं, म्हणाला.

पुरवणी प्रश्न सुचेना. गाडी सुटली.