दोरा आणि डाग

२ फेब्रु. १९३१
अखेर डॉ. बाईंना दाखवलं. धाकट्याच्या बाळंतपणापासूनची मूळव्याध. बसवत नाही, म्हणून वर्गात तासन्‌तास उभी राहते. मुलींना वाटतं, बाई फार कडक. घरी ह्यांनाही नीट सांगितलं नव्हतं.
डॉ. बाई म्हणाल्या, "आता औषधांनी भागायचं नाही." दोन रीती सांगितल्या. मोडाला रेशमी दोरा घट्ट बांधायचा, तो वाळून आपोआप गळतो. नाहीतर चिमट्यात धरून तापल्या लोखंडाचा डाग. मला दोरा.
हे नुसतं "बरं" म्हणाले. मग बराच वेळ धाकट्याला थोपटत बसले.

५ फेब्रु.
इस्पितळात. शेजारच्या खाटेवर यल्लम्मा, तेलुगू विणकराची बायको. दुखणं माझंच. तिचं रक्त फार जातं, म्हणून तिला डाग.
"अक्का, मला भाजणार, तुला बांधणार!"
हसलो दोघी. ह्या विषयावर कुणाशी हसेन असं कधी...

७ फेब्रु.
काल झालं, दोघींचंही. क्लोरोफॉर्मचा गोडसर वास. "आकडे म्हणा." म्हणता म्हणता वर्गातले आवाज, मग तळ्याचं पाणी. पाण्यावर उताणी पडलेली मी, अंगाला वजनच नाही. काठावरून कुणी हाक मारत होतं. जावंसं वाटेना.
जाग आली ती आगीतच.

९ फेब्रु.
यल्लम्मा हिंडतेय. मला कूस वळवेना. आज परसाकडला जाऊन आले, रडत. मग कोमट पाण्याच्या घमेल्यात बसवलं. पाण्यात ऊन हलत होतं, डोळे मिटत होते.
डागच बरा होता का?

१४ फेब्रु.
सकाळी दोरा गळला आणि रक्त थांबेना. पाय गार. बाहेरच्या हातमागांचा खटखटाट लांब लांब गेला, अगदी गोड वाटलं ते जाणं. यल्लम्मा ओरडली, "रगत! बाईला लई रगत!" नर्स धावली. डॉ. बाईंनी कापडाच्या घड्या ठासून बसवल्या.
यल्लम्मा माझी पावलं चोळत होती. तेलुगूत काही पुटपुटत. प्रार्थना की शिव्या, कळलं नाही.

९ मार्च
शाळेत. खुर्चीवर बसले! मुली बघतच राहिल्या. अख्खी कविता बसून शिकवली. दुखलं नाही. खिडकीतून कडुलिंबाची फुलं आत येत होती. शिकवता शिकवता मीच हरवले.

६ एप्रिल
शाळेच्या फाटकाशी यल्लम्मा. वाळून काटकी झालीय. डागाची जखम भरताना आवळली, शौचाची वाट अरुंद झाली. जेवायलाच भिते. पुन्हा भूल देऊन रुंद करणार आहेत.
"तुझा दोराच चांगला की, अक्का."
"अगं, त्या दिवशी तू ओरडली नसतीस तर?"
तिनं माझं बोट धरलं. मग म्हणाली, "येतीस संगं?"

८ एप्रिल
रजा काढून गेले. आत नेईपर्यंत तिनं माझं बोट सोडलं नाही. "जागी झाल्यावर पैलं तूच दिस," म्हणाली. दार लागलं.
बाहेर बाकावर तिचा नवरा आणि मी. उन्हानं सगळं पांढरं. त्यानं विचारलं, "बाई, तुमचं बरं झालं न्हवं? मग हिचं बी होतंय की?"
"होतंय," म्हटलं.
आज पहाटे मला पुन्हा थेंबभर लाल दिसलं. एवढंसंच. ह्यांना अजून...