माझ्या बाईंना लायसन्स द्या

३ फेब्रुवारी

लायसन्सच्या कायद्यावरची सुनावणी सोळा तारखेला! सकाळीच वेंडेलचा फोन. हा आमच्या संघटनेचा सचिव, जन्मभर घाईत. "रोबर्टा, आकडेवारी नको. सिनेटरांना झोप लागते. एखादं मूल उभं कर."

संघटना चर्चच्या तळघरात सुरू केली तेव्हा आम्ही एका टेबलाभोवती मावत होतो. आता डोंगराच्या दोन्ही बाजूंचे वर्तनतज्ज्ञ जमले की हॉटेलचा हॉल लागतो. पण लायसन्सचा कायदा नाही. केस कापणाऱ्याला लायसन्स लागतं, आमच्याकडे येणाऱ्या ऑटिझमच्या मुलांना हात लावणाऱ्याला नाही. शेजारच्या काउंटीत एक महाशय वर्तनतज्ज्ञाची पाटी लावून बसलेत, आणि हट्टी मुलांना कपाटात कोंडतात. हे थांबायलाच हवं.

मूल म्हणजे कोरी. दुसरं कोण?

५ फेब्रुवारी

कोरी कोम्ब्स अकरा वर्षांची आहे. ऑटिझम. आपणहून बोलत नाही. काही हवं असलं, कुठे दुखलंखुपलं, की समोरच्याचं बोट धरते आणि नेऊन तिथे ठेवते — फ्रिजवर, दारावर, खरचटलेल्या गुडघ्यावर.

तिच्या आईला, ट्वायलाला विचारलं. "तुम्ही म्हणाल तसं, बाई." इतक्या पटकन हो म्हणाली की मलाच अवघडल्यासारखं झालं. ज्यांच्यावर उपचार चालू आहेत त्यांच्याकडून आपली भलामण करून घ्यायची नाही, असा आमचा नियम आहे. दरवर्षी नव्या लोकांना तो शिकवते कोण? मीच.

वाक्य ठरलं — "माझ्या बाईंना लायसन्स द्या."

९ फेब्रुवारी

वाक्य म्हटलं की बक्षीस म्हणून एक लिमलेटची गोळी. बोट धरायला आली की माझा हात मागे. आमच्या कामातली ही अगदी पहिली युक्ती: जुन्या सवयीतून काही मिळेनासं झालं की ती सुटते. आज कोरी माझा हात शोधत राहिली आणि मी तो खिशात घालून बसले. शेवटी वाक्य आलं, हसण्यासकट. हसणंही मीच शिकवलंय. ट्वायलाला म्हटलं, घरीही असंच करा.

१६ फेब्रुवारी

म्हणाली! माईकपुढे, न अडखळता. एका सिनेटरने चष्मा काढून डोळे पुसले. वेंडेलने मला मिठीच मारली. मला लाज वाटत होती. तरी फोटोत पुढे उभी राहिले.

२९ मार्च

गव्हर्नरांची सही झाली. कायदा झाला.

१३ एप्रिल

संघटनेचं वार्षिक जेवण. ट्वायला आणि कोरी मानाच्या पाहुण्या. प्रत्येक टेबलावरून कोरीला "म्हण ना, म्हण ना," आणि म्हटलं की गोळी. हॉलभर माणसं आणि प्रत्येकाच्या खिशात बक्षिसाची गोळी — असे आम्हीच! एवढ्या शिकलेल्या लोकांत कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही. मला दिसलं. मी हसून आभार मानत होते.

२ मे

ट्वायलाचा फोन. "बाई, कोरी सकाळपासून तेच वाक्य म्हणतेय. तुमची आठवण येत असेल. मी आपली गोळ्या देतेय."

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

५ मे

दाढ होती. हिरडीत पू, गाल सुजून डोळा मिटलेला, अंगात ताप. दवाखान्यात सलाइन लावलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरेच दिवस ठणकत असणार. हिने कुणाला दाखवलं कसं नाही?"

दाखवलं असतं. आईचं बोट धरून दाढेवर ठेवलं असतं. ती वाट मी बंद केली. ठणका सांगायला तिच्याजवळ एक वाक्य उरलं, आणि त्यावर आई तिला गोडच भरवत राहिली.

मला बघून कोरी सुजलेल्या तोंडाने हसली आणि वाक्य म्हणाली. नर्सला केवढं कौतुक! मी बाहेर येऊन गाडीत बसून रडले.

६ मे

वेंडेलला सगळं सांगितलं. "आत्ता तोंड उघडलंस तर सगळ्यांच्या मेहनतीवर पाणी पडेल. दाढ काढली ना? मग झालं तर."

झालं काय, कपाळ!

११ मे

लायसन्स आलं. सगळेजण फ्रेम करून भिंतीवर लावताहेत. माझं पाकिटातच आहे.

१४ मे

कोरीला पुन्हा बोट धरायला शिकवतेय. मी हात पुढे करते. ती हाताकडे बघतच नाही. खिशाकडे बघते.

ट्वायलाला सांगायचं ठरवलंय. ती तक्रार करेल, करावीच. लायसन्स जाईल, जाऊ दे.

२० मे

सांगितलं. तिच्या स्वयंपाकघरात, बीन्स शिजत असताना, काहीही न लपवता. ट्वायला पातेलं ढवळत राहिली. मग म्हणाली, "मला दवाखान्यातच कळलं होतं, बाई. बोलले नाही. आधी चर्चमध्ये अशा मुलांना शिकवणाऱ्या विल्माबाई तरी होत्या, लायसन्स नाही म्हणून तुमच्या कायद्याने त्यांचंही बंद झालं. आता या काउंटीत परवानगी आहे ती तुम्हा एकट्यांना. तुम्हाला दुखवून मी कुणाकडे जाऊ?"

हात पुसून समोर येऊन बसली.

"गोळ्या मीच दिल्या ना. माझीच चूक. मनात ठेवू नका, बाई. मंगळवारी याल ना?"