मला लिंडहोल्मेनला उठव

लिंडहोल्मेन,
शुक्रवार, ३ ऑक्टोबर २००३

प्रिय सीव,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. आम्ही इकडे ठीक आहोत, असं इतकी वर्षं नाताळच्या कार्डावर लिहीत आले, तेच आजही हातातून उतरलं. ठीक कसले! होल्गरचं हृदय थकलं आहे. डॉक्टर नाताळापर्यंतचं बोलतो. त्यापुढचं विचारलं की चष्मा पुसत बसतो. डोकं मात्र शाबूत आहे. कॉफी जरा पातळ झाली की लगेच ऐकवतो.

सफरचंदं यंदा भरपूर आली. निम्मी हरणांनी खाल्ली, उरलेल्यांचा मुरंबा केलाय. तुझ्यासाठी दोन बरण्या बाजूला ठेवल्यात. विमानात नेऊ देतात की नाही ते मला माहीत नाही.

गाडी अजून घरामागूनच जाते. तू पाहिलेले तपकिरी लाकडी डबे गेले, पण रूळ तेच, हातभर कमी रुंदीचे, मोठ्या गाड्यांनी हसावं असे. स्टॉकहोम शहर पसरत पसरत वालेन्तूनापर्यंत आलं. गाडीत आता सगळे तरुण कानात काहीतरी घालून बसतात. चाल मात्र तीच आहे. अरुंद रुळांवर डबा असा डुलतो की बसलेला माणूस दोन स्टेशनांत पेंगायला लागतो. कोर्स्ताच्या पुढचे रूळ वीस वर्षांपूर्वी उखडले. रिम्बोला हल्ली बस जाते, आणि बसमध्ये तशी झोप कुणाला लागत नाही.

तू येणार म्हणून मला आनंद झाला, हे मी आधी लिहायला हवं होतं. खरंच झाला. पंचवीस तारखेला तू या स्वयंपाकघरात बसलेली असशील, हे मी भांडी घासताना चार-चारदा डोळ्यांसमोर आणते. पण तू पुढे लिहिलंस की तुला होल्गरला एकच गोष्ट विचारायची आहे, त्या सकाळी तो का उतरला नाही. ‘आता म्हातारपणी राग नाही, फक्त कळायला हवं,’ असं लिहिलंयस. ते वाचलं आणि मी पत्र घडी करून पावाच्या डब्याखाली सरकवलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

त्याला विचारू नकोस. त्याला माहीत नाही. मला माहीत आहे.

तुला आठवतं का, मी कंडक्टरची टोपी पहिल्यांदा घालून घरी आले तेव्हा तू म्हणाली होतीस, ‘अगं, टोपलं घातल्यासारखं दिसतंय.’ त्या टोपीचा मला केवढा तोरा होता. तिकिटाला भोक पाडणं हे काम कुणीही केलं असतं. खरं काम झोपलेल्यांचं. सकाळी शहरातून बाहेर जाणाऱ्या पहिल्या गाडीत रात्रपाळीचे लोक असायचे. छापखान्यातले, इस्पितळातल्या परिचारिका, होल्गरसारखे बेकरीतले. सगळा डबा झोपलेला. बाहेर शेतांवर धुकं, काचांवर श्वासांची वाफ, आणि होल्गरच्या कोटाला ताज्या पावाचा वास. कोण कुठे उतरतं ते मला पाठ होतं. कुणाच्या खांद्याला हात लावायचा, कुणाच्या कानाशी नुसतं स्टेशनचं नाव पुटपुटायचं. आपल्या लाइनवर माणूस निर्धास्त झोपायचा, कारण कंडक्टर उठवतो. मला वाटायचं, ही सगळी माणसं मी मांडीवर घेऊन चालले आहे, आणि जागी अशी मी एकटीच. त्या गाडीत मी जितकी सुखी होते तितकी पुन्हा कुठे झाले नाही.

होल्गरला उठवावं लागत नसे. तो रिम्बोचा, शेवटच्या स्टेशनचा. वर्षभर मी त्याला झोपलेला पाहिला, सीव. जागा असला की तो तुझ्याबद्दल बोलायचा.

त्या गुरुवारी तो स्टॉकहोमला गाडीत चढला तेव्हा त्याचे हात अजून पिठाने पांढरे होते. म्हणाला,

“गुन्वोर, आज मला लिंडहोल्मेनला उठव.”

“का रे? सासुरवाडीला न्याहारी आहे का?”

“थट्टा नको. सीव म्हणाली, आजच्या गाडीतून उतरलास तर बोटीचं तिकीट फाडते. नाही उतरलास तर जाते मावशीकडे, मिनेसोटाला. मी जागाच राहीन म्हणा, पण तू आपलं उठव.”

“जागा राहणारा माणूस पाहिलाय मी,” मी म्हटलं. “टेकतं खिडकीला डोकं, आणि घोरणं सुरू.”

“म्हणून तर तुला सांगतोय ना.”

तो वालेन्तूनाच्या आधीच झोपला. फलाटाच्या उलट्या बाजूला, खिडकीशी.

मी त्याला उठवलं नाही.

आज इतकंच लिहवतं. त्याला गोळी द्यायची वेळ झाली.

सोमवार, ६ ऑक्टोबर

तीन दिवस हे पत्र टेबलावर पडून आहे. शुक्रवारी लिहिलेलं वाचून पाहिलं. खोटं नाही, पण अर्धवट आहे, आणि अर्धवट खरं सांगण्यात मी चांगलीच मुरले आहे.

लिंडहोल्मेन आलं तेव्हा मी त्याच्याशेजारी उभी होते. हात पुढे केला होता. त्याच्या भुवईवर पीठ होतं. मनात एवढंच आलं की अजून दोन मिनिटं बघते, मग उठवते. काही ठरवलेलं नव्हतं, देवाशपथ. गाडी थांबली, मी दारात आले, आणि तू धावत आलीस. काचांवर वाफ, तुला आतलं काही दिसेना. तू मला विचारलंस, “होल्गर आहे?”

आणि मी म्हणाले, “नाही.”

एक शब्द. तू सख्ख्या बहिणीवर विश्वास ठेवलास. आत चढून बघितलंसुद्धा नाहीस. मी हात वर केला, गाडी सुटली. तू तिथेच उभी होतीस आणि फलाट हळूहळू धुक्यात गेला. मला वाटलं हे मी झोपेतच पाहते आहे, रिम्बोला पोचू तेव्हा कुणीतरी मला उठवेल.

रिम्बोला मी त्याला उठवलं. त्याने पाटी वाचली आणि चेहरा असा झाला की मी अजून विसरले नाही. म्हणाला, “तू उठवणार होतीस ना?” मी म्हटलं, “दोनदा हाक मारली. तू हलला नाहीस.” परतीची गाडी दोन तासांनी होती. तो लिंडहोल्मेनला आपल्या आईच्या घरी पोचला तेव्हा तू बोट पकडायला गोथेनबर्गच्या वाटेवर होतीस. आईने त्याला कॉफी दिली. कप हातात धरून तो एकच वाक्य म्हणत राहिला, “मला झोप लागली.”

तुला पत्र लिहायला बसायचा. ‘मला झोप लागली’ एवढं लिहून फाडायचा. प्रेमाचा निकाल लागायच्या सकाळी झोपलेला माणूस अजून काय लिहिणार? तो शरमेने गप्प, तू मानी म्हणून गप्प, आणि मधे मी. चार वर्षांनी त्याने मला लग्नाचं विचारलं. तेव्हा तरी सांगायचं होतं. मी हो म्हणाले.

तू लग्नाला कॉफीचा ट्रे पाठवलास आणि सोबत कार्डावर फक्त ‘सीव’ एवढंच. तुला वाटलं असेल, त्याने निवडलं. नाही गं. त्याला निवडायला मिळालंच नाही.

सदतीस वर्षं तो माझ्याशी चांगला वागला. पण त्या दिवसानंतर तो आपल्या गाडीत कधी बसला नाही. शहरापर्यंत उभाच जायचा. लोक जागा द्यायचे, हा म्हणायचा, “नको, पाय आखडतात.” मी शेजारी बसून त्याचा पट्ट्याला धरलेला हात बघायची. एकदा तरी बोलावं ना माणसाने! माझी जीभ रेटली नाही. घर मोडेल ही भीती, आणि खरं सांगू, तो मला मिळालाय याचा लोभ. पश्चात्ताप होता, पण लोभ जास्त होता.

काल संध्याकाळी त्याला सांगितलं. तुझ्याआधी त्याला सांगायला हवं असं वाटलं. तो खिडकीपाशी होता, पायांवर शाल. मी सगळं सांगितलं, हाकेचं खोटंसुद्धा. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

मग त्याने विचारलं, “म्हणजे ती फलाटावर आली होती?”

मी म्हटलं, “हो. धावत आली होती.”

“मला वाटायचं, ती आलीच नसेल. मी जागा असतो तरी ती नसतीच, असं स्वतःला समजावत आलो.” मग म्हणाला, “काय घातलं होतं तिने?”

“हिरवा कोट. बटणं खालीवर लागली होती.”

त्याने डोळे मिटले. मी म्हटलं, “होल्गर, काहीतरी बोल मला.” तर हात वर करून म्हणाला, “थांब जरा. मला बघू दे.”

आज सकाळी त्याने उशी आतल्या लहान खोलीत नेली. माझ्या हातची कॉफी प्यायला, पातळ होती तरी काही बोलला नाही. मी पत्र लिहिते आहे हे त्याला माहीत आहे. जाता जाता एवढंच विचारलं, “पंचवीस तारीख कधी आहे?” मी म्हटलं, इथून तिसऱ्या शनिवारी. तो बोटांवर दिवस मोजत होता.

सीव, तू ये. आल्यावर माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. मी रुळांच्या पलीकडे, मैत्रिणीकडे राहायला जाईन. क्षमा मागत नाही. तिची वेळ मीच घालवली. पण त्याला विचार, जे विचारायचं ते विचार. आता त्याला उत्तर माहीत आहे. फक्त उशीर करू नकोस.

जिच्या ‘नाही’वर तू गेलीस, ती तुझी बहीण,
गुन्वोर